हत्यार आमचं, शेरा त्यांचा



एक जानेवारी आली की आपण कोरेगावला जातो. जायलाच पाहिजे. १८१८ च्या त्या लढाईत पडलेल्या महार शिपायांची नावं खांबावर वाचून आपल्या पोरांचा कणा ताठ होतो. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेही आपण भाषणात सांगतो. पण लष्कर म्हणजे नुसती बंदूक न्हाई. बंदुकीमागं तंबू असतो, ताडपत्री असते, ट्रकचा हुड असतो, बूट, पट्टे, पाण्याचे डबे, स्टोव्ह, पेट्रोलच्या टाक्या असतात. हे सगळं फाटतं, फुटतं, गंजतं आणि वर्कशॉपात येतं. तिथं शिवणारे, ठोकणारे, झाळणारे हात असतात. त्या हातांच्या वर एक खुर्ची असते. चार्जमनची खुर्ची. त्या खुर्चीवर कोण बसतो, यावर मी आजवर एकाही जयंतीत भाषण ऐकलेलं नाही. म्हणून हे लिहितोय.

मी मुरुडचा. आमच्याकडं शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात, राजपुरीहून शिडाच्या होडीत बसून जंजिऱ्यावर जातात, कलालबांगडी तोफेला हात लावून फोटो काढतात. गाईड सिद्दीची गोष्ट सांगतो, संभाजीराजांच्या वेढ्याची सांगतो, किल्ला कुणाला जिंकता आला नाही हे तीनदा सांगतो. तोफ कुणी ओतली, फाटलं शीड कुणी सांधलं, गंजला खिळा कुणी बदलला, हे विचारायचं कुणाच्या मनातही येत नाही. राजांचा इतिहास असाच लिहिला जातो. आपणही तसाच लिहायला लागलो, तर त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय?

मी गिरणी कामगार. मुंबईतल्या गिरण्यांच्या जागी टॉवर झाले. माझी गिरणी शहराबाहेर, भाड्याच्या शेडात आहे. शाळा मधेच सुटली, वाचायला मागावर शिकलो. पण आज गोष्ट माझी नाही, माझ्या मामाची आहे. मामा मुंबई भागातल्या एका लष्करी वर्कशॉपात सिव्हिलियन कारागीर होता. १९८६ ला चिकटला, साठ भरले तेव्हा सुटला. ट्रेडचं नाव 'इक्विपमेंट अँड बूट रिपेअरर'. म्हणजे तंबू, हुड, पट्टे, किटबॅगा, बूट. त्यांच्या सेक्शनला लागूनच टिनस्मिथ आणि वेल्डर बसायचे, त्यामुळं कापड आणि धातू दोन्ही त्याच्या हातात आलं. मजदूर, ट्रेड्समन मेट, स्किल्ड, हायली स्किल्ड, मास्टर क्राफ्ट्समन, अशा पायऱ्या असतात. मामा मास्टर क्राफ्ट्समनपर्यंत चढला. त्याच्या वरची पायरी चार्जमनची. ती त्याला दिसली, मिळाली नाही. शेवटची बारा-तेरा वर्षं दहा-पंधरा कारागिरांवर देखरेख मामाच करत होता. सही दुसरा करत होता.

देखरेख म्हणजे काय, हे आपल्या पोरांना माहीत नाही. त्यांना वाटतं, हात मागं बांधून फिरणं. तसं न्हाई. नीट ऐका.

कॅनव्हासला ठिगळ लावायचं, तर नवं कापड आधी भिजवून आटवून घ्यावं लागतं. न्हाईतर पहिल्या पावसात नवं आटतं, जुनं आटत नाही आणि शिवण सुरकुतते, पाणी आत. ठिगळाचा ताणा तंबूच्या ताण्याच्या रेषेत पाहिजे. दोरा मेण लावलेला पाहिजे. तंबूच्या कडेला दोर ओवायची जी रिंग ठोकतात, ती पितळेची किंवा तांब्याची पाहिजे. लोखंडी ठोकली तर दमट हवेत गंजते, आणि गंज भोवतीचं सुती कापड खाऊन टाकतो. मग वाऱ्यात रिंग कापडासकट निघते. आमच्या मुरुडच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. एकदा पितळी रिंगा संपल्या. चार्जमन म्हणाला, "लोखंडी ठोका, महिन्याचा आकडा गाठायचाय." मामा म्हणाला, "साहेब, हा तंबू कारवारला गेला तर दोन पावसाळे टिकायचा नाय." चार्जमन त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. त्यानं मामाला सगळ्यांदेखत 'तू तुझं काम कर' म्हणून सुनावलं.

दुसरी गोष्ट टाकीची. पेट्रोलची रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आत वाफ कोंडलेली असते. तिला बत्ती लावायच्या आधी सोड्याच्या गरम पाण्यानं धुवावी लागते, तोंड उघडं ठेवावं लागतं, झाळायच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरावं लागतं. एवढं केलं तर माणूस संध्याकाळी घरी जातो. मामाच्या बाजूला एक नवा वेल्डर होता, सातारकडचा, मातंग. त्याला हुकूम आला, टाकी दुपारपर्यंत पाहिजे, धुण्यात वेळ घालवू नको. मामा मधे उभा राहिला. "पाणी भरल्याबिगर बत्ती लावायची नाय. पोरगं कुणाचं तरी हाय." पोरगा वाचला. मामाला मेमो मिळाला. आरोप, कामात अडथळा.

दोस्तहो, याला मी देखरेख म्हणतो. आणि ज्यानं मेमो लिहिला, त्याला पगार देखरेखीचा होता.

आता खुर्चीत कुठली ताकद असते ते बघा. चार आहेत. एक, काम वाटणं. दोन, शिकवणं. तीन, पास-नापास करणं. चार, शेरा लिहिणं. चारही जागी जात घुसते, आणि घुसताना ती जानवं दाखवून येत नाही. जॉबकार्ड घेऊन येते. नवा हुड कापायचं काम एकाला मिळतं. उवा-पिसवांनी भरलेल्या जुन्या किटबॅगा, सडलेले बूट, मैल्याचे टँक नेमके आपल्या पोराला मिळतात. तीन वर्षं तो बूटच उसवत बसला, तर ट्रेड टेस्टला हुड कसा कापणार? मग तो नापास. मग म्हणतात, बघा, ह्यांच्यात स्किल नाही. शिकवायच्या वेळी जुना कारागीर आपल्या माणसाला मोजमापाची खुबी कानात सांगतो, आपल्याला म्हणतो 'बघून शिक'. आणि शेरा? वर्षाच्या शेवटी एक ओळ: 'स्वभाव वादग्रस्त'. टाकीत पाणी भरायला लावलं, त्याची ही ओळ!

ही तक्रार आजची न्हाई. १२ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. ते आपण पोस्टरवर लिहितो. पण त्याच भाषणात त्यांनी आणखी एक हिशोब मांडला होता, तो आपण वाचत नाही. रेल्वेच्या वर्कशॉपात अस्पृश्य माणूस मेकॅनिक क्वचितच होतो, मिस्त्री, चार्जमन, फोरमन होत नाही. कुली म्हणून लागतो आणि कुलीच राहतो, हे त्यांनी उघड्यावर मांडलं. आणि गिरण्यांचंही. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणखात्यात घेत नव्हते. का? नळीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायचा असतो, आणि आपल्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागला तर तो बाटतो! विणखात्यात मजुरी जास्त. म्हणून आपण रिंगखात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. लाल बावट्याखालीसुद्धा धोटा बाटत होता, हे आपल्या डाव्या मित्रांनी विसरू नये. आज माझ्या शेडात धोट्याविना चालणारे माग आहेत. तोंड लावायची भानगड संपली. पण मागावरचा जॉबर अजून त्यांचाच आहे. म्हणजे भानगड थुंकीची नव्हतीच. चांगल्या मजुरीची आणि हुकमाची होती.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. युद्धासाठी फिटर, टर्नर, वेल्डर घडवणारी तांत्रिक शिक्षणाची योजना त्यांच्या खात्याखाली होती. १९४३ ला सरकारी नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८.३३ टक्के जागा मिळाल्या, त्या त्यांच्याच रेट्यानं. महार रेजिमेंटसाठी झटणारा तोच माणूस, कारागीर घडवणाराही तोच. आपण पहिला घेतला, दुसरा सोडला.

आता कायद्याचं. मामानं १९८६ ला फॉर्मवर 'बौद्ध' लिहिलं. नोकरी केंद्राची. राज्यात सवलत होती, केंद्रात बौद्धाला अनुसूचित जातीची सवलत नव्हती. ऑफिसातल्या क्लार्कनं सल्ला दिला, 'हिंदू महार' लिही, फायदा होईल. मामा म्हणाला, "१९५६ ला माझ्या बापानं धर्म सोडला, मी अर्जासाठी परत धरू?" ओपनमधून लागला. १९९० ला कायदा बदलला, बौद्धांना केंद्रात हक्क मिळाला. चार वर्षं गेली ती गेली. १९९२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं बढतीत आरक्षण नको. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीनं ते टिकलं, २००१ च्या ८५ व्या दुरुस्तीनं त्याबरोबरची ज्येष्ठता मिळाली. २००६ ला नागराज खटल्यात कोर्टानं अटी घातल्या. त्यातली एक, प्रशासनाची कार्यक्षमता बिघडता कामा नये.

कार्यक्षमता! लोखंडी रिंग ठोकायला लावणारा कार्यक्षम, आणि नको म्हणणारा वादग्रस्त. वाफेच्या टाकीला बत्ती लावा म्हणणारा गुणवान, आणि पाणी भरणारा कोट्याचा. गुणवत्तेवर व्याख्यान झोडणाऱ्या विद्वानांनी एक दिवस त्या टाकीशेजारी उभं राहावं, पाण्याविना, आणि मग बोलावं.

पण दोस्तहो, सगळं दगड त्यांच्याच अंगणात टाकून आपण मोकळे होणार काय? मामाच्या ट्रेडच्या नावात 'बूट' आहे. मुरुडला जयंतीच्या मांडवात आपल्यातलाच एक पदवीधर हसून म्हणाला, "तुझा मामा मिलिटरीत बुटं शिवतो ना?" बाकीचे हसले. निळ्या झेंड्याखाली हसले! आरी हातात घेतली म्हणून चांभाराला आपण खालचा समजायचं, आणि वर जातिअंताच्या घोषणा द्यायच्या? जात कामाची वाटणी करत नाही, कामगारांची वाटणी करून त्यांना एकमेकांच्या डोक्यावर बसवते, हा बाबासाहेबांचा १९३६ सालचा मुद्दा. तो मांडवात हसला त्या पोराला कुणी सांगावा? आपल्याकडं हल्ली एकच स्वप्न चालतं, हत्यार टाकायचं आणि टेबलावर बसायचं. टेबलावर जरूर बसा. पण हत्याराची लाज धरून बसाल, तर टेबलावरूनही तुम्ही तसेच शेरे लिहाल जसे मामाच्या कागदावर लिहिले गेले. मग बदल कसला? खुर्चीची नुसती जात बदलेल.

आणि वेळ फार नाही. २०१७ ला सरकारनं लष्कराच्या बेस वर्कशॉपांसाठी नवा मार्ग जाहीर केला: मालकी सरकारची, चालवणार खासगी कंपनी. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या. तंबू, गणवेश, बूट शिवणाऱ्या फॅक्टऱ्या कानपूरच्या 'ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड'कडं गेल्या. सरकारी कंपनीत रोस्टर निदान कागदावर तरी असतो. खासगी ठेकेदाराच्या हजेरीबुकात तो नसतो, चार्जमनची पायरी नसते, ट्रेड टेस्ट नसते. सुपरवायझर ठेकेदाराचा मेव्हणा असतो. जी पायरी चढायला आपल्याला तीन पिढ्या लागल्या, ती पायरीच काढून घेतायत, आणि आपण जयंतीच्या डीजेचा आवाज किती डेसिबल यावर पोलिसांशी भांडतोय.

तेव्हा काय करायचं ते सांगतो. मुरुड, रोहा, अलिबाग, महाड, प्रत्येक शाखेनं दहावी झालेल्या पोरापोरींचे आयटीआयचे आणि अप्रेंटिसचे अर्ज स्वतः बसून भरून घ्यावेत. वेल्डर, फिटर, शिवणकाम, चामडं, काहीही. पोरींनाही वेल्डिंगला घाला. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यात आपल्या जागा राखीव आहेत, त्या रिकाम्या जाऊ देऊ नका. जे आधीच डॉकयार्डात, ऑर्डनन्समध्ये, वर्कशॉपात आहेत त्यांनी २००५ च्या माहिती अधिकाराखाली रोस्टर रजिस्टरची प्रत मागावी. चार्जमनच्या किती जागा, किती भरल्या, आपली किती, हे भिंतीवर लिहावं. २००८ च्या देवदत्त खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की वार्षिक अहवालातला प्रत्येक शेरा, चांगला असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. न कळवलेल्या शेऱ्यावर तुमची बढती अडली असेल तर ती ओळ लेखी मागा. तोंडी मागू नका, तोंडी मागितलेलं तोंडीच मरतं. आणि निवृत्त कारागिरांना रविवारी समाजमंदिरात बसवा. त्यांच्या हातातलं पोरांच्या हातात जाऊ द्या. ठिगळाचा ताणा कसा धरायचा, टाकी कशी धुवायची, हे बुद्धवंदनेनंतर अर्धा तास शिकवलं तर वंदना बाटणार नाही.

आमच्या मुरुडात येत्या रविवारी हे सुरू होतंय. मामा येणार आहे, आपली आरी आणि मेणाचा गोळा घेऊन. मांडवात हसला होता त्या पदवीधरालाही निरोप धाडलाय. त्यानं यावं. कापड आम्ही देऊ.