समोर वर्ग नसताना

मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालयांची दारे बंद झाली आणि हजारो शिक्षकांना अचानक भ्रमणध्वनीसमोर उभे राहून शिकवावे लागले. वर्गातले पाऊण तासाचे व्याख्यान बहुतेकांनी जसेच्या तसे पडद्यावर नेले. संकटकाळातील ती धडपड वंदनीयच होती. परंतु व्याख्यानाचे चित्रीकरण म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम नव्हे. पुढे जे शिक्षक ही विद्या पद्धतशीर शिकायला बसले, त्यांना हे पहिल्याच पायरीवर उमगले.

वर्गात शिक्षक विद्यार्थ्यांचे चेहरे वाचतो. शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या कपाळावर आठी दिसली की तो थांबतो, उदाहरण बदलतो. आधीच ध्वनिचित्रित केलेल्या पाठात ही सोय नसते. तेथे विद्यार्थ्याची शंका आधीच ओळखावी लागते. ६ ओहम व ३ ओहमचे दोन रोध समांतर जोडले, तर परिणामी रोध २ ओहम होतो. घाईने बेरीज करणारा विद्यार्थी मात्र ९ असे उत्तर देतो. जाणता शिक्षक पर्यायांत ९ हा आकडा मुद्दाम ठेवतो आणि तो निवडणाऱ्याला नुसते ‘चूक’ म्हणून सोडून न देता एकसर व समांतर जोडणीतील भेद पुन्हा उलगडून दाखवतो. ‘मी काय सांगणार’ या प्रश्नाची जागा ‘विद्यार्थ्याला काय करता येणार’ हा प्रश्न घेतो. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या शिक्षकालाही हा प्रश्न अंतर्मुख करतो. त्याचे प्रत्यक्ष वर्गातले अध्यापनही त्याने सुधारते.

केंद्र सरकारने ९ जुलै २०१७ रोजी सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या व्यासपीठाची रचना याच विचारावर उभी आहे. चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि शंकाचर्चा अशी तिची चार अंगे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे विषय विद्यार्थ्याला याद्वारे पूर्ण करता येतात. साधन समर्थ आहे, यात शंका नाही. मात्र चार अंगांपैकी पहिल्या दोनांवरच भर देऊन उरलेली दोन केवळ उपचार म्हणून उरकली, तर पडद्यावरही घोकंपट्टीच नांदेल.

यासाठी दोन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. उत्तम पाठ घडवायला वेळ लागतो. संस्थाचालकांनी हे काम शिक्षकाच्या कार्यभारात धरले पाहिजे; रात्री जागून करण्याची ती हौस नव्हे. दुसरी गोष्ट भाषेची. उच्च शिक्षणातील दर्जेदार अभ्यासक्रम आजही प्रामुख्याने इंग्रजीत आहेत. घरात एकच भ्रमणध्वनी आणि शिकणारी भावंडे तीन, अशा कुटुंबातील मुलाला आखूड चित्रफिती, उतरवून घेता येणारे टिपण आणि स्वच्छ मराठी यांची गरज आहे.

आपल्या वाचकांत शिक्षक, प्राध्यापक आणि निवृत्त अभियंते मोठ्या संख्येने आहेत. प्रत्येकाने आपल्या विषयातील एक अवघड घटक निवडून तो मराठीत नीट रचला, तरी मोठे काम उभे राहील. ज्ञानदान हे व्रत मानणाऱ्या समाजाने समोर न दिसणाऱ्या विद्यार्थ्यालाही आपला शिष्य मानले पाहिजे.