वेळ की वेल : एका चिकटवलेल्या अक्षराविषयी

सन २००९ मध्ये आम्ही एका दिवंगत कवीच्या स्मरणार्थ छोटेखानी अंक काढला होता. कवीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. ज्या घरातून वही आली त्या घरालाही या चर्चेत ओढण्याची आमची इच्छा नाही. मलपृष्ठावर वहीतील एक पान जसेच्या तसे छापावे, असे ठरले. पानाचा उजवा कोपरा कसरीने खाल्लेला होता. त्या कोपऱ्यात एका ओळीचा शेवटचा शब्द अर्धाच उरला होता : 'वे' स्पष्ट, आणि पुढच्या अक्षराचे केवळ डावीकडचे वळण. अंकाची मांडणी करणारा विद्यार्थी हुशार होता. त्याने त्याच पानावरील चार ओळी वरच्या एका शब्दातला 'ळ' उचलला आणि 'वे'च्या पुढे आणून बसवला. शेजारच्या कोऱ्या जागेतून कागदाचा पिवळेपणा उचलून खाल्लेला कोपराही भरून काढला. पान इतके देखणे झाले की आम्हीच त्याची पाठ थोपटली. 'वेळ' हा शब्द असा कवीच्या हस्ताक्षरात छापला गेला.

पुढे त्या पानाच्या आधारे कवीच्या कालजाणिवेवर दोन लेख लिहिले गेले. त्यांपैकी एक आमचाच आहे.

गेल्या पावसाळ्यात काही वेगळ्याच कारणाने ती प्रतिमा पडद्यावर मोठी करून पाहत असता, दोन 'ळ' आमच्या डोळ्यांत भरले. दोहोंच्या खालच्या गाठीपाशी शाईचा सारखाच ठिपका होता. माणसाच्या हातून एकच अक्षर दोनदा तंतोतंत उतरत नाही, हे पोथ्या चाळणाऱ्यास सांगावे लागत नाही. आम्ही वरचा 'ळ' निवडून कॉपी केला, पेस्ट केला. तो अर्थातच नव्या लेयरवर आला. तो सरकवत खालच्या 'ळ'वर ठेवला आणि लेयरची मिश्रणपद्धती 'डिफरन्स' केली. या पद्धतीत वरच्या आणि खालच्या थरांतील प्रत्येक बिंदूच्या रंगमूल्यांची वजाबाकी होते. दोन्ही बिंदू सारखे असतील तर बाकी शून्य, म्हणजे काळा. अक्षर विझले. जेपेग फाइलच्या दाबणीमुळे राहिलेले काही पुसट ठिपके सोडले तर तेथे काळोखाखेरीज काही उरले नाही.

विद्यार्थी आता जाहिरातीच्या व्यवसायात चांगल्या पदावर आहे. आम्ही दूरध्वनी केला. तो म्हणाला, "सर, कोपरा रिकामा वाईट दिसत होता ना. आणि लेयर ठेवले असते, पण मशीन तेव्हा हँग व्हायचं, म्हणून फ्लॅटन करून टाकलं." मूळ स्कॅन? "त्याच नावाने सेव्ह झालं असणार, सर." वही परत दिली होती, ती त्या घरी आता नाही, घर बदलताना रद्दीत गेली. त्या हस्ताक्षरात 'ल' आणि 'ळ' यांचे आरंभीचे वळण सारखेच आहे. ओळ अंगणातल्या संध्याकाळची आहे. तिच्यात वेळ जितकी शोभते तितकीच वेलही. यमकाची साक्ष काढावी, तर पुढच्या ओळीचा शेवट त्याच कोपऱ्यात समूळ गेलेला. उरलेल्या त्या अर्ध्या वळणाकडे भिंग लावून पाहिले असते तर कदाचित निकाल लागला असता. पण त्या वळणावरच 'ळ' चिकटवलेला आहे, आणि आता त्याच्या खाली काही नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, दोष चिकटवण्याचा नव्हे, अशी आमची खात्री होत चालली आहे. दोष सपाट करण्याचा आहे. आणि तो समजून घेण्यासाठी साहित्याच्या अभ्यासकाला लेयर म्हणजे काय, हे थोडे तपशिलात जाऊन पाहावे लागेल. वाचकांनी कंटाळा करू नये.

फोटोशॉप १९९० साली बाजारात आले तेव्हा त्यात लेयर नव्हते. चिकटवलेला तुकडा चित्रावर तरंगत राही. निवड सुटली की तो चित्रात मुरून जाई, आणि त्याच्या खालचे बिंदू कायमचे नाहीसे होत. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले. काचेच्या तावांची चळत डोळ्यांसमोर आणावी : प्रत्येक तावावर काही रेखाटलेले, बाकी पारदर्शक, वरून पाहणाऱ्यास मात्र एकच चित्र दिसते. तेव्हापासून पेस्ट म्हटले की नवा ताव येतो आणि खालचे अबाधित राहते. गिंप या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तरंगत्या निवडीची जुनी रीत बरीच वर्षे टिकली होती. चिकटवलेला तुकडा खालच्या थरात 'अँकर' करायचा की त्याचा नवा लेयर करायचा, हे तेथे वापरणाऱ्यास ठरवावे लागे. २०२५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तेथेही आपोआप नवा लेयर होतो. आम्हाला ती जुनी रीत मनापासून आवडत असे. निदान ती प्रश्न तरी विचारी.

नवशिक्यांना छळणारी गोष्ट याच्या उलट बाजूस आहे. कॉपी ही आज्ञा फक्त सक्रिय लेयरवरचेच उचलते. डोळ्यांना अक्षर दिसते आहे, निवडही नेमकी त्याच्याभोवती आहे, आणि तरीही यंत्र म्हणते की निवडलेली जागा रिकामी आहे. कारण अक्षर दुसऱ्याच तावावर असते. अशा वेळी वैतागलेला माणूस 'कॉपी मर्ज्ड' वापरतो. ती आज्ञा दिसणारे सर्व थर एकवटून उचलते. काम होते; पण क्लिपबोर्डवर जे आले त्याला पूर्वेतिहास राहत नाही. कोणता भाग मूळ कागदाचा, कोणता आपण भरलेला, हे त्या तुकड्याला ठाऊक नसते. ज्या फाइलमधून ते उचलले तिचे नावही त्याच्याबरोबर येत नाही. संदर्भ न देता उतरवून घेतलेल्या उताऱ्यासारखीच ही गोष्ट आहे. फरक इतकाच की, उताऱ्याच्या बाबतीत आपण विद्यार्थ्याचे कान धरतो.

आपल्याकडे 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आहे. पोथी लिहिताना चूक झाली की त्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावून ती झाकीत आणि त्यावर शुद्ध पाठ लिहीत. राहून गेलेले शब्द ओळीत काकपदाची खूण करून समासात लिहीत. अशा पोथीला थर असतात : मूळ लेखन, हरताळ, त्यावरचे लेखन, समासातील भर, कधी निराळ्या शाईतली निराळ्या हाताची टीप. हे सगळे एकाच पानावर असूनही वेगळे ओळखू येते. घोळ होतो तो पुढच्या लेखनिकाच्या हातून. तो नवी प्रत करतो तेव्हा समासातली टीप ओळीत घेतो, आणि सारे काही एकाच शाईत, एकाच वळणात उतरवतो. प्रक्षेप जन्मतो तो समासात नव्हे, या नकलेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि तीत कोणी आपल्या ओव्या घालू नयेत म्हणून शेवटी बजावले. घालणारे पुष्कळ होते म्हणूनच ना? संगणकाच्या भाषेत सांगायचे तर, तो पुढचा लेखनिक म्हणजेच 'फ्लॅटन इमेज'.

आमच्या विद्यार्थ्याने केले ते मात्र कोणत्याही लेखनिकाला साधले नसते. लेखनिकाचा प्रक्षेप त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात असतो. येथे प्रक्षेप कवीच्या हस्ताक्षरात आहे, कवीच्या शाईत आहे, कवीच्याच कागदावर आहे. बाह्य पुराव्याचा सगळा भार आपण ज्या गोष्टीवर टाकतो, तीच येथे खोटी साक्ष देते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कोणतेही पर्व उघडावे. १९१९ मध्ये हाती घेतलेले हे काम १९६६ मध्ये पुरे झाले. वि. स. सुकथनकरांनी १९३३ मध्ये पूर्ण केलेल्या आदिपर्वापासून पानाची जी मांडणी रुळली ती पाहण्याजोगी आहे. वर संपादकांनी सिद्ध केलेली संहिता. खाली कोणत्या पोथीत काय पाठ आहे याची नोंद. संहितेतून वगळलेले श्लोक तारांकित क्रमांकाने तळाशी. मोठे प्रक्षेप परिशिष्टात. आणि जेथे सिद्ध केलेला पाठही निःसंशय नाही, तेथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ. काहीही फेकून दिलेले नाही. न पटणारा संपादक तळातला पाठ उचलून वर नेऊ शकतो, वरचा खाली आणू शकतो. लेयरची कल्पना ती हीच, आणि तीही फोटोशॉपच्या जन्माआधी सत्तावन्न वर्षे. ही परंपरा सांगणारे आम्ही, एका पानाचा फोटो छापताना मात्र कोपरा भरून काढतो आणि वर शाबासकी देतो.

थर एकमेकांवर ठेवून पाहण्याचा गुणही पाठचिकित्सेला जुनाच आहे. चार्लटन हिनमन यांनी वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात शेक्सपिअरच्या १६२३ च्या फर्स्ट फोलिओच्या पंचावन्न प्रती पानागणिक ताडून पाहिल्या. त्यासाठी त्यांनी आरसे आणि दिवे लावून एक यंत्र बनवले होते : दोन प्रतींची एकच पाने डोळ्यांना एकावर एक दिसत, दिवे आळीपाळीने उघडझाप करीत, आणि जेथे एखादे अक्षर बदललेले असेल तेथे पान थरथरल्यासारखे होई. त्या कामावरचा त्यांचा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अवजड यंत्राचे काम आज कोणत्याही महाविद्यालयातील संगणकावर काही अंशी होऊ शकते. एका छापील पुस्तकाच्या दोन मुद्रणांतील तेच पान स्कॅन करावे, एक दुसऱ्यावर पेस्ट करावे, कोपरे जुळवावेत, 'डिफरन्स' लावावे. कागद सारखा आकसत नाही, त्यामुळे जुळणी कधीच पुरी होत नाही. परंतु बदललेली ओळ त्या काळोखात उजळून दिसतेच. एम. ए.च्या वर्गात पाठभेद शिकवताना आम्ही हे करून दाखवतो. मुले तेवढ्या तासाला तरी मोबाइल खाली ठेवतात.

आमच्याविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातील. पहिला, फाइल जड होते. २००९ मध्ये तो खरा होता. आज त्याला फारसा अर्थ नाही, आणि तेव्हाही मूळ स्कॅनची एक प्रत निराळ्या नावाने ठेवण्यास कोणाची हरकत नव्हती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : वाचकाच्या हाती पडते ते छापील पान, आणि छापील पान सपाटच असते, मग थर जपून उपयोग काय? शिवाय लेयरही खोटे बोलू शकतात. करणाऱ्याने मधलेच दोन थर एकवटले तर उरलेली चळत प्रामाणिक दिसते, पण नसते; आणि ज्या फाइलमध्ये 'लेयर १ कॉपी ३' अशी नावे आहेत ती सहा महिन्यांनी करणाऱ्यालाही वाचता येत नाही. हे आम्हाला मान्य आहे. सुकथनकरांची तळटीपही प्रत्येक पोथीला ठरावीक संज्ञा होती म्हणूनच उपयोगी पडते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, हस्तलिखिताची छापलेली प्रतिमा ही सजावट नसून आवृत्ती आहे, आणि तिच्या कर्त्याने संपादकाची बंधने पाळली पाहिजेत. मूळ स्कॅन सर्वांत खाली, कुलूप लावून. दुरुस्ती दर वेळी वेगळ्या लेयरवर, आणि त्या लेयरच्या नावात तुकडा कोठून उचलला ते. काही झाकायचे असेल तर खोडरबराऐवजी मास्क वापरावा. मास्क म्हणजे हरताळच, पण हवा तेव्हा पुसता येणारा. फाइल पीएसडी, एक्ससीएफ किंवा लेयर राखणाऱ्या टिफ स्वरूपात ठेवावी. जेपेग लेयर राखत नाही, ती फक्त छापखान्याकडे किंवा वाचकाकडे पाठवायची प्रत. आणि छापील पानाखाली, काय भरले आहे हे सांगणारी एक ओळ. वृत्तछायाचित्रणात याविषयी कठोरपणा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये बैरुतच्या एका छायाचित्रात धुराचे लोट नकलून वाढवल्याचे उघड झाले, तेव्हा रॉयटर्सने त्या छायाचित्रकाराची नऊशे वीस छायाचित्रे संग्रहातून काढून टाकली. आमच्या कोपऱ्यातल्या 'ळ'साठी तसे कोणी काही केले नाही. खरे तर कोणाला कळलेच नाही.

आता त्या पानाची आम्ही नवी फाइल केली आहे. खाली २००९ ची सपाट प्रतिमा, कारण तीच काय ती उरली आहे. तिच्यावर एक लेयर. त्यावर चिकटवलेला 'ळ' आणि भरलेला कोपरा झाकणारा कोरा राखाडी तुकडा. त्याच्याही वर एका लेयरवर 'वे'च्या पुढच्या रिकाम्या जागेखाली नागमोडी रेघ. मधला लेयर बंद केला की 'वेळ' परत दिसते. कालजाणिवेवरचा आमचा लेख आम्ही संग्रहातून मागे घेतला आहे. दुसऱ्या लेखिकेला पत्र लिहिले आहे, त्यासोबत ही फाइलही पाठवली आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.