पाककृतीचे प्रमाण वाटीत नको, ग्रॅममध्ये हवे

२०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि नाचणी-ज्वारीच्या बिस्किटांच्या प्रशिक्षणांना वेग आला. या प्रशिक्षणांतील पाककृती-पत्रकांत मात्र अजूनही ‘दोन वाट्या पीठ, एक वाटी साखर’ असेच छापलेले असते. एका बचत गटाच्या भट्टीवर याचा परिणाम मी पाहिला. पत्रक एकच होते. एका भगिनीने पिठात वाटी दाबून भरली, दुसरीने पीठ चाळून अलगद भरले. पहिल्या ताटातील बिस्किटे कोरडी होऊन तडकली, दुसऱ्यातील पसरली. दोघींनाही वाटले, आपला हातच चुकला. वस्तुतः चूक पत्रकाची होती.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भात यांचे वजन सारखे नसते, हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. माप शीग लावून की सपाट, यावरून बाजारात होणारे वादही जुनेच. धान्याच्या व्यवहारात आपण काटा स्वीकारला. पिठाजवळ आलो की पुन्हा मापाकडे वळतो.

मापाचा कप सामान्यतः २४० मिलिलिटरचा असतो. त्यात पाणी २४० ग्रॅम मावते, साखर सुमारे २०० ग्रॅम, तर अलगद भरलेला मैदा केवळ १२० ग्रॅमच्या आसपास. तोच मैदा कप बुडवून दाबून घेतला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. चार कपांच्या घाण्यात हा फरक १२० ग्रॅमचा, म्हणजे अख्ख्या एका कपाचा होतो! नाचणीसाठी असा तयार आकडा मी मुद्दामच देत नाही. गिरणीतील दळण कधी बारीक, कधी भरड. कोणी चाळते, कोणी नाही. परक्या तक्त्यावर विसंबण्यापेक्षा विस्तार कार्यकर्त्यांनी गटाचीच वाटी व गटाचेच पीठ घ्यावे, तीन वेळा भरून तीन वेळा तोलावे आणि सरासरी काढून पाककृती ग्रॅममध्ये लिहून द्यावी. दळण बदलले तरी मग वजन बदलत नाही.

अनुभवी हाताचा अंदाज मी कमी लेखत नाही. परंतु तो हात एकीचा असतो, आणि गटात आज एक तर उद्या दुसरी पीठ मळते. शिवाय पीठ किलोने विकत घ्यायचे, पाकिटावर निव्वळ वजन कायद्याने छापायचे आणि मधला हिशेब वाटीने करायचा, यात उत्पादनखर्च कसा निघणार? तेलाचेच पाहा: एक लिटरच्या पिशवीत सुमारे ९१० ग्रॅम तेल असते. लिटर म्हणजे किलो धरणाऱ्या गटाचा हिशेब तिथेच चुकतो.

एक अपवाद मान्य केला पाहिजे. खाण्याचा सोडा लहान घाण्याला सपाट चमच्यानेच घ्यावा. ५ मिलिलिटरच्या चमच्यात तो सुमारे ५ ग्रॅम मावतो. घरगुती काटा एका ग्रॅमने चुकला तरी पाचव्या हिश्श्याचा फरक पडतो. घाणा दहापट झाला, की सोडाही काट्यावरच तोलावा.