मोठी म्हणजे परकी नव्हे

तळ्यात मुठीएवढी गोगलगाय दिसली की ती परदेशी आक्रमक जात समजावी, दिसेल तिथे ठेचावी आणि तेवढ्याने भागत नसेल तर पाण्यात मोरचूद टाकावे, असे मत अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. एवढी मोठी गोगलगाय आपल्याकडे नसतेच, हा या मताचा एकमेव आधार आहे, आणि नेमका तोच खोटा आहे.

पायला ही गोड्या पाण्यातील गोगलगायींची प्रजाती मूळची आशिया आणि आफ्रिकेतील असून तिच्या काही जाती भारतातील तळी, ओढे आणि भातखाचरे यांत पूर्वापार राहत आल्या आहेत. त्यांपैकी पायला ग्लोबोसा ही जात प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यानपिढ्या विच्छेदनाच्या टेबलावर पाहिली आहे. तिला कल्ला आणि फुप्फुस ही दोन्ही श्वसनेंद्रिये असतात, आणि तळे आटले की ती चिखलात शिरून, शंखाचे तोंड झाकणाने बंद करून पुढच्या पावसाची वाट पाहते. मुग्धबलाक या करकोच्याच्या मिटलेल्या चोचीतही मध्ये फट राहते, आणि अशा गोगलगायी हेच त्याचे मुख्य खाद्य आहे. ज्या प्राण्यावर एका पक्ष्याची उपजीविका चालते त्याला उपरा ठरवण्यापूर्वी त्याच्याकडे एकदा नीट पाहण्याचे कष्टही घेतले जाऊ नयेत, हा अभ्यासाचा अभाव आहे आणि त्याला दक्षता म्हणता येत नाही.

वस्तुतः आकार ही ओळखीची खूणच नव्हे, कारण तो वयावर, अन्नावर आणि पाण्यावर अवलंबून असतो. ज्या जातीची भीती घातली जाते ती पोमासिया कॅनॅलिक्युलाटा मूळची दक्षिण अमेरिकेतील. १९८०च्या सुमारास ती खाद्य म्हणून तैवानात आणली गेली, तेथून आग्नेय आशियात पसरली आणि भाताची कोवळी रोपे खाऊन तिने शेतकऱ्यांचे मोठे नुकसान केले, हे निर्विवाद आहे. परंतु तिची पिल्ले वाटाण्याहूनही लहान असतात. म्हणजे आकाराचा नियम लावणारा मनुष्य देशी प्रौढ गोगलगाय ठेचतो आणि खऱ्या आक्रमकाच्या शेकडो पिल्लांना अभय देतो. दोहोंतील भेद झाकणात आहे. पायलाचे झाकण आतून मोत्यासारख्या पांढऱ्या चुन्याच्या थराचे असून टणक असते, तर पोमासियाचे झाकण नखासारखे शृंगमय आणि लवचिक असते. अंड्यांतील भेद तर काठावरूनही दिसतो: पायला काठाच्या ओल्या मातीतील खळग्यात पांढरी अंडी घालते, तर ही परकी जात पाण्याबाहेर आलेल्या देठांवर आणि दगडांवर भडक गुलाबी अंड्यांचे घोस चिकटवते.

मोरचुदाविषयी एवढेच पुरे की ते माशांनाही मारते. काठावर सापडणारे मोठे रिकामे शंख पुष्कळदा आफ्रिकी गोगलगायीचे असतात. ती १८४७ साली कलकत्त्यात आणली गेली, ती जमिनीवर राहते आणि तिला झाकण नसते. मराठवाड्यात २०२२च्या खरिपात गोगलगायींनी सोयाबीनची रोपे फस्त केल्यापासून लोकांच्या मनात धास्ती बसली हे समजण्यासारखे आहे, पण जमिनीवरच्या गुन्ह्याची शिक्षा पाण्यातल्या प्राण्याला देणे न्यायाचे नव्हे.

आक्रमक जातींचा हा वाद जुनाच आहे. जलपर्णी फुलांच्या हौसेने आली, तिलापिया १९५२ साली अन्नासाठी आणला गेला, आणि दोन्ही वेळी आधी उपयोग पाहिला गेला व ओळख मागाहून झाली. आज घाई उलट दिशेने होत आहे, परंतु चूक तीच आहे.

म्हणून आग्रह धरायचा तो ओळखीचा. शंखाचे, त्याच्या तोंडाचे आणि झाकणाचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावे, अंडी शोधावीत, शंका राहिल्यास जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवावे, जिवंत गोगलगाय दुसऱ्या तळ्यात नेऊ नये आणि घरच्या काचपेटीतील गोगलगायी कोणत्याही पाण्यात सोडू नयेत. गुलाबी घोस दिसले तर मत्स्यविभागाला लगेच कळवावे. झाकण चुन्याचे निघाले तर मात्र ती गोगलगाय जिथून उचलली तिथेच परत ठेवावी. ते तळे तिचेच आहे.