विश्लेषण : वाणिज्यच्या वर्गात उद्योगजगताच्या बातम्या का हव्यात?

बारावी वाणिज्यचा विद्यार्थी परीक्षेत भागांचे प्रकार लिहितो आणि अठरावे वर्ष पूर्ण होताच मोबाइलवर डीमॅट खातेही उघडू शकतो. पाठ्यपुस्तकातली व्याख्या आणि बाजारातला प्रत्यक्ष व्यवहार यांच्यातले अंतर बहुतेकदा समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती भरून काढतात. हे काम वर्गात व्हायला हवे आणि त्यासाठी वर्तमानपत्रातील बातमी हे सर्वांत स्वस्त साधन आहे. मात्र कात्रण फलकावर लावले म्हणजे बातमी शिकवली, असे होत नाही.

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे बाजारातील वैयक्तिक गुंतवणूकदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या व्यवहारांत तिशीच्या आतील व्यक्तींचे प्रमाण २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होते, ते वर्षभरात ४३ टक्क्यांवर गेले. आज बारावीच्या बाकावर असलेली मुले लवकरच या वयोगटात जातील. बातमी वाचून ‘यात पैसा कोणाकडून कोणाकडे जातो’ हे विचारण्याची सवय त्यांना असेल की नाही, हा खरा मुद्दा आहे.

अभ्यासक्रमात त्यासाठी जागा आहे का?

आहे. राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. बातम्यांवर आधारित प्रकल्प या २० गुणांत बसतो. पाठ्यपुस्तकातील प्रकरणेही बातम्यांशी सहज जुळतात. ‘चिटणिसाची कार्यपद्धती’मध्ये भागविक्री आहे, ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’मध्ये बँकिंग सेवा, ग्राहक संरक्षण आणि विपणन आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा पेमेंट अ‍ॅप आणि बँक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेकांना पहिल्यांदा कळले. पेमेंट्स बँक मर्यादित ठेवी घेऊ शकते, कर्ज देऊ शकत नाही, ही पुस्तकातली ओळ शिकवण्याची ती नेमकी वेळ होती.

ह्युंदाईच्या ‘आयपीओ’तून काय शिकवता येते?

भांडवल उभारण्यासाठी कंपनी जनतेला भाग विकते, असे विद्यार्थी शिकतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाची सुमारे २७,८७० कोटी रुपयांची प्रारंभिक भागविक्री झाली. तोपर्यंतची ती देशातील सर्वांत मोठी भागविक्री होती. मग या कंपनीला किती भांडवल मिळाले? उत्तर आहे, शून्य. कारण नवा एकही भाग निघाला नव्हता. दक्षिण कोरियातील मूळ कंपनीने आपल्याकडील भागांपैकी काही विकले आणि पैसा तिच्याकडे गेला. याला ‘ऑफर फॉर सेल’ म्हणतात.

या कंपनीने पुण्याजवळच्या तळेगाव येथील जनरल मोटर्सचा कारखाना आधीच घेतला होता. भागविक्रीचा पैसा त्या कारखान्यात गेला असेल का, असा प्रश्न वर्गात टाकला, तर ‘हो’ म्हणणारे अनेक हात वर येतील. तिथूनच नवीन भागविक्री आणि जुन्या भागांची विक्री यांतला फरक समजावता येतो. एकाच्या ताळेबंदात भागभांडवल वाढते, दुसऱ्याच्या ताळेबंदात फक्त भागधारकांची नावे बदलतात. पुढचा धडा नोंदणीच्या दिवसाचा. १,९६० रुपयांना दिलेला भाग २२ ऑक्टोबरला राष्ट्रीय शेअर बाजारात १,९३४ रुपयांवर उघडला. मोठे नाव आणि मोठी भागविक्री म्हणजे पहिल्या दिवशी नफा, हा समज इथे आकड्यानिशी तपासता येतो.

जीएसटी कपातीत गणित कुठे चुकते?

२२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ‘वस्तू १३ टक्क्यांनी स्वस्त’ असा निष्कर्ष पटकन काढला जातो, पण तो चुकीचा आहे. मूळ किंमत १०० रुपये धरली, तर ग्राहक आधी ११८ रुपये देत होता, आता १०५ देईल. वाचले १३ रुपये, पण ११८ पैकी. म्हणजे कपात सुमारे ११ टक्के. टक्के आणि टक्केबिंदू यांतला फरक एवढ्या एका उदाहरणात स्पष्ट होतो.

पुस्तपालनाच्या तासाला हीच बातमी दुकानदाराच्या बाजूने पाहता येते. त्याने जुना माल १८ टक्के कर भरून घेतला आणि २२ तारखेनंतर ५ टक्के कर लावून विकला. आधी भरलेल्या कराची वजावट त्याच्या खात्यात राहते आणि पुढच्या कराच्या देण्यातून वळती होते. पण तोवर ती रक्कम अडकते. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांबाबत काही कंपन्यांनी भाव उतरवण्याऐवजी वजन वाढवले. त्यामागे सुट्या पैशांची अडचण आणि ग्राहकाच्या डोक्यात बसलेली किंमत ही कारणे आहेत. हा विपणनाचा धडा गल्लीतल्या दुकानात जुना आणि नवा पुडा शेजारी ठेवून शिकता येतो.

एकाच बातमीचा पाठपुरावा कसा करायचा?

कोल्हापुरी चपलेचे प्रकरण त्यासाठी उत्तम आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील ‘प्राडा’ने मिलानच्या कार्यक्रमात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण मूळचा उल्लेख केला नाही. टीका झाल्यावर भारतीय प्रेरणा मान्य केली. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांतील या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मग ‘प्राडा’ला रोखता का आले नाही? कारण भारतातील मानांकनाचे संरक्षण आपोआप परदेशात लागू होत नाही. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. सुमारे २,००० जोड भारतात बनवून घेण्याचे आणि एक जोड सुमारे ८०० युरोला विकण्याचे जाहीर झाले. कारागिराची मजुरी, महामंडळाचा वाटा आणि नाममुद्रेची किंमत यांचे कोष्टक विद्यार्थ्यांनी मांडून पाहावे. जूनमधला संताप आणि डिसेंबरमधला करार एकत्र वाचला, तरच व्यवहार समजतो.

मराठी माध्यमात अडचण कोणती?

शब्दांची. पाठ्यपुस्तक ‘समहक्क भाग’ म्हणते, वर्तमानपत्र ‘समभाग’ लिहिते आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपवर ‘इक्विटी’ दिसते. तिन्ही एकच, हे कोणी सांगितले नाही, तर हुशार विद्यार्थीही बातमीपाशी अडखळतो. प्रत्येक बातमीतील चार-पाच शब्द तिन्ही रूपांत वहीत लिहून घेणे, हा त्यावर साधा उपाय आहे.

शिक्षकांनी कोणती खबरदारी घ्यावी?

पहिली, वर्गात ‘कोणता शेअर घ्यावा’ ही चर्चा नको. शिक्षणाच्या नावाखाली सल्ले देण्याला आळा घालण्यासाठी ‘सेबी’ने जानेवारी २०२५ मध्ये, बाजारातील नोंदणीकृत संस्थांशी जोडलेल्या प्रशिक्षकांना गेल्या तीन महिन्यांतील भाव वापरण्यास मनाई केली. शाळेतील शिक्षकाला हा नियम लागू नसला, तरी त्यामागचा विचार उपयोगी आहे. तीन-चार महिने जुनी बातमी घेतली, तर मोह राहत नाही आणि पुढे काय झाले तेही तपासता येते.

दुसरी, कंपनीचे प्रसिद्धिपत्रक आणि बातमी वेगळी ओळखायला शिकवावे. आकडा कोणी दिला, तो कशाच्या तुलनेत आहे आणि दुसरी बाजू बातमीत आहे का, हे तीन प्रश्न पुरतात. तिसरी, बातम्यांचा ढीग नको. अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई प्रत्येक महाविद्यालयात असते, त्यामुळे महिन्याला एकच बातमी आणि तिच्यासाठी दोन तास, एवढेच झेपणारे आहे.

आणि हे साधले की नाही, हे कसे कळणार? पुढच्या भागविक्रीची जाहिरात दिसल्यावर विद्यार्थ्याने ‘किती पट भरणा झाला’ याआधी ‘हा पैसा कंपनीकडे जाणार की जुन्या भागधारकांकडे’ असे विचारले, तर वर्गातले दोन तास कारणी लागले असे समजावे.