काळ्यापांढऱ्याचा अखत्यार

नवे सोनोग्राफी यंत्र दवाखान्यात दाखल झाले, की कंपनीचा माणूस एक-दोन दिवस बसून प्रीसेट लावून जातो, ‘इमेज छान येते’ असा सर्वांचा अभिप्राय पडतो, आणि त्यानंतर यंत्र जुने होईपर्यंत गेनचे बटण व टीजीसीच्या पट्ट्या यांपलीकडे फारसा कोणाचा हात जात नाही. डायनॅमिक रेंजचा आकडा मात्र पडद्याच्या कोपऱ्यात निमूटपणे उभा असतो. आणि शरीराने परत पाठविलेल्या प्रतिध्वनींपैकी कोणते आपल्या दृष्टीस पडावे व कोणते काळोखात जमा व्हावे याचा निवाडा बव्हंशी तोच आकडा करीत असल्यामुळे, हा अखत्यार आपण कंपनीच्या माणसाकडे कितपत सोपवावा, हा प्रश्न या अंकात वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रोबकडे परतणाऱ्या प्रतिध्वनींत सर्वांत प्रबळ आणि सर्वांत क्षीण यांमधील तफावत 100 ते 120 डेसिबलच्या घरात जाते. 120 डेसिबल म्हणजे आयामाच्या मापाने दहा लाखांस एक. यांतील काही तफावत केवळ खोलीमुळे उत्पन्न होते: मऊ ऊतींमध्ये दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे सुमारे अर्धा डेसिबल क्षय धरला, तर साडेतीन मेगाहर्ट्झच्या प्रोबने दहा सेंटिमीटर खोलीवरून आलेला प्रतिध्वनी जाऊन-येऊन पस्तीस डेसिबलने दुबळा झालेला असतो, आणि ती तूट भरून काढणे हे टीजीसीचे काम. उरलेली तफावत ऊतींच्या स्वतःच्या गुणधर्मांची असून, ती पडद्याच्या 256 छटांत बसविण्यासाठी यंत्र लॉगॅरिथमचा आश्रय घेते. सबंध जिल्ह्याच्या जमाबंदीचा हिशेब एकाच आखूड वहीत उतरवून घ्यावयाचा झाला, म्हणजे कारकुनास काही रकमा गाळाव्याच लागतात. त्या कोणत्या, हे ठरविण्याची मुभा त्याला एकदा दिली, की वही कितीही स्वच्छ दिसली तरी तिच्यावरून शेतकऱ्याची खरी स्थिती कळेलच असे नाही.

गेन आणि डायनॅमिक रेंज यांची गल्लत अनुभवी मंडळींकडूनही होते. गेन सर्व प्रतिध्वनींना सारखेच उचलते. डायनॅमिक रेंज त्यांच्यातील अंतर पडद्यावर किती ताणावे हे ठरविते, आणि बहुतेक यंत्रांत ती कमी केली की वरची मर्यादा जागच्या जागी राहून खालची वर सरकते, म्हणजे सर्वांत क्षीण प्रतिध्वनी निखळ काळ्यात लोटले जातात. यकृतातील एखादी गाठ भोवतालच्या ऊतीपेक्षा तीन डेसिबलने मंद आहे असे समजा. छटांची वाटणी सरळ रेषेत असेल, तर 80 डेसिबलवर हा फरक सुमारे दहा छटांचा, 60 वर तेरा छटांचा आणि 40 वर एकोणीस छटांचा होतो. एवढे पाहून कोणीही म्हणेल की मग 40 च ठेवावे. परंतु त्याच प्रमाणात स्पेकलचा दाणाही ताणला जातो, आणि पूर्ण विकसित स्पेकलचे प्रमाण विचलन मुळातच साडेपाच डेसिबलच्या आसपास, म्हणजे आपल्या गाठीच्या फरकाहून मोठे असते. गाठ दिसते ती डोळा अनेक दाण्यांची सरासरी काढतो म्हणून. आणि म्हणूनच तेवढ्याच फरकाची मोठी गाठ सहज ध्यानात येते व लहान गाठ निसटते. तात्पर्य, डायनॅमिक रेंज आवळल्याने नजरेची सोय होते, माहितीत भर पडत नाही; खरी भर हवी असेल तर ती हार्मोनिक इमेजिंग, स्पेशियल कंपाउंडिंग आणि योग्य जागी नेलेला फोकस यांकडे मागावी लागते.

आवळलेल्या प्रतिमेची किंमत कोठे मोजावी लागते, हे ओटीपोटाच्या तपासणीत विशेष स्पष्ट होते. बीजकोशातील गाठ 45 डेसिबलवर पाहिली तर आतून स्वच्छ काळी, भिंत पातळ, पाठीमागे ध्वनीची वाढ, सारे लक्षण साध्या सिस्टचे. आणि गेनला स्पर्शही न करता तोच आकडा 70 वर नेला, की त्या काळ्या पोकळीत एकसारखे, बारीक, मंद प्रतिध्वनी धुरकट काचेप्रमाणे भरून आलेले दिसू शकतात, आणि निदान एंडोमेट्रिओमाकडे वळते. पित्ताशयातील गाळाची व शिरेतील ताज्या गुठळीची गोष्ट याच जातीची आहे. गुठळीच्या बाबतीत प्रोबने शीर दाबून पाहण्याचा शिरस्ता आपल्याला पुष्कळदा तारतो, यात प्रतिमेची थोरवी नाही. उलट हृदयाच्या तपासणीत डाव्या जवनिकेची आतली कड रेखीव हवी असते, तेथे रेंज आवळणे रास्तच आहे. प्रश्न बदलला की आकडा बदलावा, एवढेच आमचे म्हणणे.

या विद्येच्या इतिहासानेही हाच धडा एकदा दिलेला आहे. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांचा, मॅकव्हिकार व ब्राउन यांच्यासमवेतचा प्रख्यात निबंध 1958 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्या काळाच्या प्रतिमा प्रायः काळ्या किंवा पांढऱ्या, ठरावीक पातळीच्या खालचा प्रतिध्वनी पडद्यावर उमटतच नसे, त्यामुळे अवयवांच्या कडा दिसत पण त्यांचे अंतरंग रिकामे भासे. पुढे सिडनीच्या कॉमनवेल्थ अकॉस्टिक लॅबोरेटरीजमध्ये जॉर्ज कॉसॉफ आणि विल्यम गॅरेट यांनी क्षीण प्रतिध्वनींना पडद्यावर मानाचे स्थान देऊन राखाडी छटांची प्रतिमा सिद्ध केली, तेव्हा कोठे अवयवांचे आतले पोत वैद्यकास वाचता येऊ लागले. जे इतक्या प्रयासाने मिळविले, ते ‘कॉन्ट्रास्ट चांगला दिसतो’ या सबबीवर आपण पुन्हा बेमालूम सोडून देत आहो की काय, अशी शंका काही प्रिंट पाहताना आल्यावाचून राहत नाही.

आणि सोडून दिलेले मागाहून परत येत नाही. सीटीचे आकडे हाउन्सफील्ड मापात साठविलेले असल्यामुळे दुसऱ्या दिवशी विंडो बदलून फुप्फुस किंवा हाड पुन्हा तपासता येते. सोनोग्राफीची प्रतिमा मात्र सामान्यतः आकुंचन होऊन गेल्यावर, छटांच्या रूपानेच दप्तरी दाखल होते. काही यंत्रे फ्रीझ केल्यावर, किंवा मूळ विदा जतन केली असल्यास नंतरही, रेंज बदलू देतात; ही सोय आपल्या यंत्रात आहे की नाही हे एकदा पाहून घ्यावे. गर्भवतीच्या तपासणीत फॉर्म एफचा रकाना रिकामा राहू नये म्हणून आपण सारे डोळ्यांत तेल घालून बसतो, आणि ते योग्यच आहे. परंतु मेदयुक्त यकृताची श्रेणी उजव्या मूत्रपिंडाच्या बाह्यकाशी तुलना करून सांगताना, मागील खेपेस प्रतिमा कोणत्या आकड्यावर घेतली होती हे पाहण्याची तसदी कितीजण घेतात? गेल्या खेपेस 55 आणि या खेपेस 75 असेल, तर ‘सुधारणा’ यकृतात झाली की यंत्रात, हे रुग्णाला कोण सांगणार?

या मासिकाकडे प्रकाशनार्थ येणाऱ्या प्रतिमांपैकी बऱ्याच, कडेचे सर्व आकडे कापून, केवळ देखणा भाग ठेवून पाठविलेल्या असतात. पुढील अंकापासून डायनॅमिक रेंज, गेन, वारंवारता आणि राखाडी नकाशा यांचे आकडे प्रतिमेवर शाबूत असल्याखेरीज ती छापावयाची नाही, अशी संपादक मंडळाने तजवीज केली आहे. आणि जेथे निदान काळ्या-राखाडीच्या सीमेवर ठरले असेल, तेथे त्याच छेदाच्या दोन निरनिराळ्या रेंजवरील दोन प्रतिमा लेखकांनी जोडाव्यात.