जिकी, डोया आणि आमचा भाषाविज्ञानाचा पेपर

एम.ए. इंग्रजीला भाषाविज्ञानाच्या पेपरात मला चांगले मार्क पडले होते. सोस्यूरचं पुस्तक तो गेल्यावर, १९१६ साली, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून निघालं, हे पाठ होतं. इंग्रजीचे ४४ ध्वनी पाठ होते. शब्द आणि वस्तू यांचं नातं मानीव असतं, यावर झोपेतून उठवलं असतं तरी दहा मार्कांचं उत्तर लिहिलं असतं. उदाहरण ठरलेलं : ट्री. नोट्समध्ये ट्री होतं, म्हणून ट्री.

आमचं कॉलेज बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली. याच जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलली जाते. जगातल्या कुठल्याही भाषाकुळात ती आजवर नीट बसवता आलेली नाही. युरोपात बास्क जशी एकटी, तशी ही. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. दोन वर्षांत तिचं नाव आमच्या वर्गात एकदाही निघालं नाही. मला ते पुढे कळलं, तेही मोबाईलवर भलतंच काही शोधताना. जिल्ह्याची माहिती विचारा, कोणीही लोणार, शेगाव, सिंदखेडराजा धडाधड सांगेल. खड्डा बघायला सहली जातात. निहाली मात्र आमच्याच जिल्ह्यात आहे, हे आम्हाला माहीत नाही.

आता ट्री सोडा, डोळा घ्या. मराठीत डोळा. आमच्या वऱ्हाडीत डोया, कारण आम्ही ‘ळ’चा ‘य’ करतो. काळा काया, केळं केयं. निहालीच्या शेजारच्या कोरकूत मेड. निहालीत जिकी. डोळा आणि डोया यांचं नातं नियमाने दाखवता येतं. मेडचं नातं पार झारखंडच्या मुंडा भाषांशी लागतं. जिकीचं लागत नाही. निहालीतले आकडेही ऐका : बिदुम, इरार, मोथो, नालो. दोन, तीन, चार हे द्रविड वळणाचे वाटतात आणि पाचपासून आपल्यासारखे. एवढ्यावर तीन तास रंगले असते!

ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, १९०६ साली, स्टेन कोनो यांनी निहालीला मुंडा भाषांसोबत बसवलं. १९६२ साली डच अभ्यासक कुइपर यांनी दाखवलं की कोरकू, द्रविड, मराठी-हिंदी शब्द बाजूला काढले तरी बरेच शब्द बिननात्याचे उरतात. त्यांनीच ही चोरांची सांकेतिक बोली असू शकेल अशीही शंका काढली. ती मला पटत नाही. चोर ठरवलेल्या लोकांच्या भाषेवरही चोरीचा शिक्का पडतो. पण पटो न पटो, हा खरा वाद आहे, आणि तो आमच्या उंबऱ्यावरचा आहे. त्यात जनगणनेत १९७१पासून दहा हजारांपेक्षा कमी लोकांच्या भाषा वेगळ्या दाखवतच नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं : इंग्रजीच्या पोरांना निहाली कशाला, सिलॅबस इंग्रजीचा आहे. बरं, इंग्रजीच घ्या. ‘किल’मधला ‘क’ हवा सोडत ‘ख’कडे झुकतो, ‘स्किल’मधला झुकत नाही. इंग्रज माणसाला हा फरक जाणवत नाही, कारण त्याने अर्थ बदलत नाही. आमच्याकडे ‘काल’चं ‘खाल’ केलं की अर्थच बदलतो. स्वनिम म्हणजे काय ते एका मिनिटात कळलं असतं. मला व्याख्येवरून कळायला दोन सेमिस्टर लागल्या. इंग्रजी शिकायलाही घरचाच कान लागतो, आणि तोच आम्ही वर्गाबाहेर चपलांसोबत ठेवत होतो. ‘मले समजलं नाही’ म्हणणाऱ्या पोरीला हसणारे आम्हीच, आणि पुढच्या तासाला ‘कुठलीही बोली अशुद्ध नसते’ हे वहीत उतरवून घेणारेही आम्हीच.

निहालींच्या गावांत सहली काढा, असं मी म्हणत नाही. ‘दादा, तुमच्या भाषेत बोलून दाखवा’ म्हणत मोबाईल पुढे धरणं हा तर आगाऊपणा. आमच्या तुकडीत त्या तालुक्यातला एक जण होता. फॉर्मवर मातृभाषा मराठी लिहायचा. मागे फोनवर बोलताना समजलं, त्याच्या आजीला निहाली येते. त्याला कळते, बोलता येत नाही. म्हटलं, तेव्हा का नाही सांगितलं? म्हणाला, “इचारलं कोनं?”

इंटर्नलचे मार्क तरी कॉलेजच्याच हातात असतात. पहिल्या असाइनमेंटला नोट्स नकोत. घरी जा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून डोळा, हात, पाणी आणि एक ते दहा ऐका, आणि ऐकलं तसं आयपीए लिपीत लिहून आणा. घाटावरचा पोरगा वऱ्हाडी आणेल, कोणी बंजारा, कोणी उर्दू, कोणी कोरकू. माझ्या मित्राने काय आणलं असतं, ते वर्गात कोणालाच तपासता आलं नसतं, सरांनाही नाही. परवा त्याला फोन करून हे सांगितलं. या दिवाळीला गावी गेला की लिहून आणतो म्हणाला. आजीला आता ऐकू कमी येतं.